रमन्याची सफाई

गवताला आंघोळ घालता येत नाही, एवढं सोडलं तर उर्मिलाबाईंनी साहेबांच्या स्वागतात काहीही बाकी ठेवलं नव्हतं.

दिवाळी दहा दिवसांवर आली होती. घरातले डबे अंगणात पालथे पडले होते, पितळी भांडी चिंचेनं घासून झाली होती, आणि सफाईचा एकदा अंगात आलेला जोर उंबरठ्याशी थांबायला तयार नव्हता. तेव्हा सोमवारी सकाळी उर्मिलाबाई अकरा बायका घेऊन थेट रमन्यावर पोहोचल्या.

रमना म्हणजे बोरगावच्या शिवाराच्या टोकाची चौदा एकर बरड. सासऱ्यांच्या, म्हणजे बापूजींच्या वडिलांनी ती गवतासाठी राखली, आणि तिला नांगर असा कधी लागला नाही. तिच्या एका कोपऱ्यात, काटेरी कुंपणाच्या आत, उषाचे बारा चौकोन होते. उषा ही धाकट्या दिराची मुलगी. एम.एस्सी. झाली, छिंदवाड्याला गवताच्या सरकारी केंद्रात लागली, आणि गेली तीन वर्षं बोरगावला आली की घरात कमी आणि या चौकोनांत जास्त बसायची. उद्या जबलपूरहून तिचे मोठे साहेब येणार होते. पाहणी होणार होती. आणि चौकोनांची अवस्था ही अशी: काहींत सरकारी गवत पुरुषभर उंच, काहींत नुसतं आपलं नेहमीचं, बांधावर उगवतं तेच.

"हे पाय कलाबाई," उर्मिलाबाई म्हणाल्या. "हे उंच उंच दिसते ना, ते सरकारी. त्याले हात लावू नको. आन् हे बारीक, आपल्या इकडचं, ते सप्पा काढून टाक."

कलाबाई या निंदणाऱ्या बायांची पुढारीण. तिनं खाली बसून एका झुपक्याच्या बुडाशी बोट घातलं. "सप्पा? मुळासकट?"

"मुळासकट. साहेब म्हणन, घरात एम.एस्सी. झालेली पोरगी आन् चौकोनात तण."

"आन् हे? याच्यात तं दोन्ही मिसळून आहे."

"ते निवडून काढ. तांदळातले खडे निवडतो तसं."

कलाबाई उठली नाही. "निंदलेला चारा आमचाच ना, बाई?"

"तुमचाच वो. हे काय विचारणं झालं?"

निंदणारीनं उपटलेला चारा निंदणारीचा, ही इकडची जुनी रीत. ती कोणी ठरवत नाही आणि कोणी मोडत नाही. कलाबाईनं मागे वळून बाकीच्या दहाजणींकडे पाहिलं. काही बोलणं झालं नाही. मग ती म्हणाली, "मंग मजुरी राहू द्या."

उर्मिलाबाईंना गहिवरून आलं. उषाबद्दल गावात एवढी माया असेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

संध्याकाळपर्यंत बारापैकी तीन चौकोन तळहातासारखे स्वच्छ झाले आणि आणखी तीन नीट निवडले गेले. अकरा भारे अकरा डोक्यांवरून गावाकडे गेले. उर्मिलाबाईंनी मोकळ्या चौकोनांवर शेण सारवलं, कडेच्या दगडांना चुना लावला, आणि सगळ्यात सपाट, सातव्या नंबरच्या चौकोनात रांगोळीचं कमळ काढलं. त्यांचे यजमान श्रीधरराव तिथं खुर्च्या घेऊन आले, चारी बाजूंनी फिरले आणि म्हणाले, "आता शेत वाटून राहिलं."

*

दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याहून जीप निघाली तेव्हा अरविंदराव संत्र्याच्या बाजूचे होते.

ते उषाचे वडील खरे, पण पांढुर्ण्याच्या बाजारात त्यांची संत्र्यांची अडत होती, आणि बापाच्या प्रेमाला बाजारभावाची जोड असावी असं त्यांचं मत होतं. रमन्यात बोअर मारायची, संत्रा लावायचा, हा थोरल्या भावाचा बेत त्यांना तीन वर्षांपासून पसंत होता. श्रीधर पिकवणार, आपण विकणार. मध्ये होती ती फक्त बापूजींची जिद्द आणि स्वतःची मुलगी.

गोष्ट अशी झाली होती. तीन वर्षांपूर्वी भर पंगतीत उषा आजोबांना म्हणाली होती, "बापूजी, रमना मोडू नका. वाईट वर्षी आपलंच गवत टिकतं, मी मापून दाखवते." बापूजींनी भात कालवता कालवता निकाल दिला होता: "तीन साल देतो. तिसऱ्या सालचा आकडा दाखव, रमना राहीन. नाई दाखवला तं श्रीधर संत्रा लावन." बापूजींनी दिलेला शब्द घरात कोणी मोडलेला नव्हता, मुख्य म्हणजे बापूजींनी स्वतः मोडलेला नव्हता.

पहिल्या वर्षी पाऊस भरपूर होता आणि सरकारी दीनानाथ गवत देशी गवताच्या दुप्पट भरलं. दुसऱ्या वर्षी दोन्ही सारखी. हे तिसरं वर्ष सत्त्याऐंशीचं. ऑगस्टनंतर पाऊस गेला तो गेलाच. आज कापणी आणि वजन साहेबांसमोर होणार होतं.

जबलपूरचे दुबे साहेब पुढच्या सीटवर बसून संत्रं सोलत होते. अरविंदरावांनी टोपली मुद्दाम पायाशी ठेवली होती. बोलता बोलता साहेब म्हणाले, "रिज़ल्ट ठीक रहा तो पूरे चौदह एकड़ को तार की फेंसिंग मिलेगी. लोहे के खंभे. बीज अलग."

"पूरे चौदा?"

"पूरे. पाँच साल का एग्रीमेंट. पुरानी घास जोत देंगे, ट्रैक्टर हमारा, और दीनानाथ डालेंगे."

आज मंगळवार, म्हणून साहेबांना जामसांवलीला मारुतीचं दर्शन घ्यायचं होतं. रांगेत उभं असताना अरविंदरावांनी विचार केला. लोखंडी खांब पाच वर्षांत गंजत नाहीत. करार पाच वर्षांनी संपतो. कुंपण कुठं जात नाही. मग संत्रा, आयत्या तारेत. नारळ फुटला तेव्हा ते गवताच्या बाजूचे झालेले होते, आणि प्रसाद घेऊन जीपमध्ये बसले तेव्हा त्यांना आठवत होतं की आपण पहिल्यापासूनच त्या बाजूचे होतो.

"मेरी बेटी है साहब," ते म्हणाले. "घास में तो उसकी जान है."

*

उषा त्याआधीच सौंसरला बसमधून उतरली होती. खांद्याच्या पिशवीत ताणकाटा, विळा, दोरी आणि तक्त्याचा सरकारी कागद. स्टँडवर गुणवंता बैलगाडी घेऊन उभा होता. हा घरचा ढोरकी. बापूजींच्या सतरा गौळाऊ गाई तोच चारायचा. गोऱ्ह्यांच्या जोड्या नागपूरपर्यंत जात, त्या त्याच्या हातच्या. रमना गेला तर गाई जाणार, आणि गाई गेल्या तर आपण कोणाचा ढोरकी, हा हिशेब त्यानं कोणाला बोलून दाखवला नव्हता. आज तो नेहमीपेक्षाही गप्प होता.

"काय झालं, गुणवंतादादा?"

"मले काय समजते, ताई? साफसफाई झाली."

"कसली?"

"म्या ढोरं घेऊन नाल्याकडं होतो. आलो तं झाली होती."

रमन्याच्या फाटकावर आंब्याच्या पानांचं तोरण होतं. उषा आत गेली आणि सवयीनं मोजू लागली. एक, ठीक. दोन, ठीक. तीन, शेण. चार, दोनदा पाहिला. स्टायलोची, म्हणजे देशी गवतात मिसळलेल्या सरकारी शेंगचाऱ्याची, काही झुडपं उरली होती, कापलेल्या केसांसारखी विरळ. सात नंबरमध्ये पाच खुर्च्या, टेबल, टेबलावर क्रोशाचा रुमाल, खाली कमळ. देशी गवताचे तीन चौकोन गेले होते. देशी आणि स्टायलो मिसळीचे तीनही गेले होते. उरले होते दीनानाथचे तीन, वाळून खडखडीत, आणि नुसत्या स्टायलोचे तीन. सगळ्यांच्या दगडांना चुना.

"आवडलं?" मागून उर्मिलाबाई आल्या. हाताला अजून गेरू होता. "काल दिवसभर खपून राहिली होती मी. कंबर मोडली."

"मोठी आई," उषा म्हणाली. आवाज तिनं मुद्दाम खाली ठेवला. "इथलं गवत कुठं आहे?"

"कोणतं? ते तण?"

"ते तण नव्हतं. तेच मोजायचं होतं."

उर्मिलाबाई हसल्या. मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून थांबल्या. "आपलं गवत कोण मोजते, बाई? ते तं आहेच सगळीकडं."

"सगळीकडं गाई चरतात. इथं तीन वर्षं कुंपणात राखलं होतं. त्याच्याशीच तर सरकारी गवताची तुलना करायची होती."

"मंग मले सांगतलं का नाई?"

चौकोनांचा नकाशा उषानं तीन वेळा काढला होता, रंगीत पेन्सिलींनी, सूचीसकट. एक प्रत छिंदवाड्याला, एक जबलपूरला, एक स्वतःकडे. तिन्ही इंग्रजीत. ज्या घरात ती रात्री जेवायची त्या घरात कोणता चौकोन कशाचा, हे तिनं कधीही सांगितलं नव्हतं. घरच्यांना काय कळणार, असं तिनं कुठं लिहून ठेवलं नव्हतं, पण धरून चालली होती.

श्रीधरराव धोतर सावरत आले. "उषा, नाराज कायले होतेस? साहेबाले काय दिसते ते महत्त्वाचं. आन् ऐक, अकरा बाया लावल्या, पण मजुरीचा एक पैसा नाई जाऊ देला म्या."

"मोठेबाबा, आता मोजायचं काय?"

"हे उंच आहे ते मोज! हेच तं सगळ्यात उंच आहे."

बापूजी कडेला मोहाच्या झाडाखाली बाजेवर बसले होते. डोळ्यांत मोती, पण कान शाबूत. त्यांनी एवढंच विचारलं, "उषा, आकडा आहे का नाई?"

"नाही, बापूजी."

ते "हं" म्हणाले. घरातल्या सगळ्यांना त्या "हं"चे पाचसहा अर्थ ठाऊक होते. हा कोणता, ते कोणालाच कळलं नाही.

*

दुबे साहेब जीपमधून उतरले आणि भारावून गेले.

"वाह! इसको कहते हैं फार्म. मैं पूरे संभाग में घूमता हूँ, ऐसी सफ़ाई नहीं देखी."

उर्मिलाबाईंनी पदर पुढे ओढला आणि उषाकडे पाहिलं: बघ. श्रीधररावांनी साहेबांना हार घातला आणि सातव्या चौकोनातल्या मधल्या खुर्चीवर बसवलं. अशा रीतीनं साहेब ज्याची पाहणी करायला आले होते त्याच्यावरच बसले. कालच्या अकराही बायका धुतलेली लुगडी नेसून दोरीपलीकडे उभ्या होत्या. फोटोत महिला असल्या की अहवाल वजनदार होतो, असं श्रीधररावांनी कुठंतरी ऐकलं होतं, म्हणून त्यांनीच त्यांना बोलावलं होतं. फोटो निघाला. चहा झाला. साहेबांनी फाईल उघडली.

"हाँ, तो देशी घास का वज़न?"

"सर, लिया नहीं जा सकता," उषा म्हणाली. "कल वो प्लॉट निंदे गए. घरवालों से गलती हुई. आप जहाँ बैठे हैं वो भी देशी का प्लॉट था."

साहेबांनी खाली पाहिलं. कमळावर पाय होते. ते त्यांनी सौजन्यानं थोडे बाजूला घेतले.

"तो क्या हुआ? पिछले साल का आँकड़ा है ना? उसमें से कुछ घटा दो. सूखा पड़ा है, सबने देखा है."

"किती घटवायचं, सर? तेच तर मोजायचं होतं," उषा मराठीतच बोलून गेली. "मेरा अंदाज़ है कि देशी इस साल दीनानाथ से ज़्यादा निकलती. पण तो अंदाज आहे."

"अंदाज़ ही लिखना है तो जो काम आए वो लिखो." साहेब वाईट माणूस नव्हते, ते फक्त मार्चच्या आत संपवायच्या योजनेचे प्रमुख होते. ते आवाज उतरवून म्हणाले, "देखो बेटी. दीनानाथ आगे है, इतना लिख दो, तो तुम्हारे दादाजी की ज़मीन पर तार लग जाएगी. कोई संतरा नहीं लगाएगा. तुम यही चाहती हो ना?"

"और पुरानी घास?"

"वो तो जोती जाएगी."

अरविंदराव मध्ये पडले. "उषा, साहेब तुझ्या भल्याचं सांगून राहिले. चौदा एकराले लोखंडी तार! लिहून टाक ना. गवत ते गवत."

"बरोबर आहे," श्रीधरराव म्हणाले. दोघा भावांचं एकाच वाक्यावर एकमत होण्याची ही बऱ्याच वर्षांतली पहिली वेळ. मागची वेळ आई गेली तेव्हाची, दागिन्यांवरून बहिणीशी भांडताना.

"तू कधीपासून गवताचा झाला बे?" बापूजींनी बाजेवरून विचारलं.

"मी पहिलेपासूनच, बापूजी," उत्तर अरविंदरावांनी दिलं, आणि श्रीधररावांनी मान हलवून त्यात आपलाही समावेश करून घेतला.

उषा तक्त्याकडे बघत होती. चार ओळी, तीन रकाने. एक आकडा लिहिला की संत्रा टळत होता. रमना वाचत होता, नावापुरता. ज्या गवताला शंभर वर्षांत नांगर लागला नाही त्याला तो तिच्या सहीनं लागणार होता. आणि न लिहिला तर संध्याकाळच्या आत बापूजी शब्द पाळणार होते. दोन्हीकडून गवतच जात होतं. फरक एवढाच, की एका बाजूला खोटं तिच्या अक्षरात राहणार होतं.

तिनं पेन काढलं. देशी गवताच्या ओळीत आणि मिसळीच्या ओळीत, दोन्हीकडे तिन्ही रकान्यांत आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं: चौकोन निंदले गेल्याने वजन घेता आले नाही. सही केली. तारीख टाकली.

साहेबांनी ते वाचलं. फाईल मिटली. रागावले नाहीत, घड्याळ पाहिलं. "तुम्हारी पोस्ट मार्च तक है ना?"

"हो, सर."

"देखते हैं," साहेब म्हणाले. सरकारी भाषेत याचा अर्थ पाहणं संपलं असा होतो. तक्ता त्यांनी टेबलावरच राहू दिला, जणू तो कोणी चुकून आणला होता. जीप गेली. अरविंदरावांनी संत्र्यांची टोपली मागे चढवून दिली होती ती परत मागता येण्यासारखी नव्हती.

*

जीपची धूळ बसायच्या आत श्रीधररावांना हलकं वाटू लागलं होतं. तार गेली, पण तार ही आजच ऐकलेली गोष्ट. संत्रा तर तीन वर्षांचा होता. त्यांनी एक खुर्ची उचलून बाजेजवळ ठेवली आणि बसले.

"बापूजी, तुमचा शब्द होता."

"होता."

"आकडा नाई."

"नाई." 

"पोरीच्या अकलेनं तारही गेली," अरविंदराव म्हणाले. संत्र्याच्या बाजूला परतायला त्यांना जामसांवलीपर्यंत जावंही लागलं नाही. "आता दादा म्हणते तेच बरोबर आहे. बोअर मारून टाकू."

"माहीच चूक आहे, मामाजी," उर्मिलाबाई एकदम सासऱ्यांना म्हणाल्या. डोळे पुसत होत्या. "पोरीले कायले बोलता? चौकोन मी साफ केले. अजून एक साल द्या तिले."

"तू चूप राह्य," श्रीधरराव म्हणाले.

"कायले चूप राहू? तुमीच तं म्हणून राहिले होते, शेत वाटते आता, शेत वाटते!"

बापूजींनी हात वर केला. "श्रीधर. काल किती बाया होत्या?"

"अकरा."

"मजुरी किती गेली?"

"एक पैसा नाई," श्रीधररावांची मान ताठ झाली. "निसत्या चाऱ्यावर."

"दिवसभर?"

"दिवसभर."

"दिवाळीच्या तोंडावर. घरची सारवणं सोडून. कापूस वेचाईले रोख मजुरी भेटून राहिली असताना." बापूजी एकेक शब्द वेगळा ठेवत होते. "कायले आल्या असतीन बे?"

श्रीधररावांना हा प्रश्न पडला नव्हता. फुकट मिळालेल्या गोष्टीचं कारण विचारू नये, अशी त्यांची व्यवहाराची पहिली समज होती.

"आन् ते उंच गवत? ते कोणी मांगतलं?"

"नाई... ते तं तसंच उभं आहे."

"कलाबाई!" बापूजींनी हाक मारली.

बायका दोरीपलीकडे अजून होत्याच. साहेब गेले की बांधाकडेचं राहिलेलं गवत मागावं, म्हणून थांबल्या होत्या. कलाबाई पुढे आली.

"ते दीनानाथ कायले नाई नेलं तुमी?"

"पहिल्या साली नेलं होतं जी एक भारा. हिरवं होतं तवा खाल्लं ढोरानं. औंदा तं बांबू झाला त्याचा. म्हशीसमोर टाकलं, तिनं माह्याकडं पायलं, म्याच लाजली."

बायका हसल्या. उषा मात्र सरळ झाली. "तसं नाही, कलाबाई. पहिल्या वर्षी ते दुप्पट भरलं होतं. पाऊस चांगला असला की—"

"पाऊस राह्यला तं म्या बी पुरनपोळी खातो, ताई," कलाबाई म्हणाली. "नसला तवा काय खाचं ते सांग. हे आपलं पवन्या-मारवेल, वरून वाळलं दिसते, बुडाशी हिरवं आहे. काल उपटलं तं हात ओला झाला."

"मंग पुढच्या साली बी येशीन, फुकट?" बापूजींनी विचारलं.

"आता कायले येऊ? मुळासकट काढाले लावलं बाईनं." तिनं उर्मिलाबाईंकडे न बघता सांगितलं. "पण हा बाकीचा रमना राखाले द्यान तं येतो. आमी अकराजणी. आखाडीपासून दसऱ्यापर्यंत एक ढोर आत घुसू देत नाई. मंग कापू. दोन भाग आमचे, एक तुमचा."

"अर्धं," बापूजी म्हणाले.

"राखण आमची, कापणी आमची, वाहून नेणं आमचं, आन् अर्धं?"

"जमीन कोणाची?"

"जमीन तुमची जी. पण गवत काय तुमी पेरलं?"

"ओ, ओ," गुणवंता आता पहिल्यांदा बोलला. "आखाडीपासून बंद, तं माही सतरा ढोरं कोठी जातीन? तुह्या घरी?"

"अर्ध्यात चार ना बापा! अर्धं राखू. पुढच्या साली उलटं करू. राखलं त्यात तू चार, चारलं त्यात आमी राखू. गवताले दम खाऊ द्याले पाहिजे का नाई?"

गुणवंतानं नाल्याकडे, मग टेकाडाकडे पाहिलं. "नाल्याकडची बाजू पहिल्या साली माही. तिकडं पाणी आहे."

"घे."

उषानं यावर चाळीस पानं लिहिली होती. प्रबंधाचं चौथं प्रकरण, सात आकृत्या. चराईचं क्षेत्र विभागून आलटून पालटून विश्रांती देण्याबाबत. ते लिहायला तिला आठ महिने लागले होते. यांना नाला कोणाकडे एवढा एकच मुद्दा अडला होता, आणि तोही सुटला.

"अर्धं," बापूजी पुन्हा म्हणाले, "आन् बांधावरलं सगळं तुमचं."

कलाबाईनं बायांकडे पाहिलं. कालच्यासारखंच, न बोलता. "चालन."

"बापूजी!" श्रीधरराव उठले. "तुमी शब्द देला होता. आकडा नाई तं संत्रा."

"आकडा आहे. अकरा." 

"बापूजी," उषा म्हणाली, आणि आपण हे का बोलतो आहोत ते तिलाच कळेना, "हा आकडा तसा धरता येत नाही. वजन नाही, दीनानाथ खरंच तितकं वाईट होतं का ते—"

"तुह्या सरकारले नाई चालत," बापूजी म्हणाले. "माह्या रमन्याले चालते. सरकारनं ट्रॅक्टर देतो म्हटलं, तार देतो म्हटलं, तरी आकडा नाई भेटला. या बायांनी दिवसाची मजुरी सोडून सांगतलं. याहून साफ काय पाहिजे? लिही कागदावर. पाच साल."

कोरा कागद नव्हता. टेबलावरचा तक्ता उलटा करून उषानं लिहायला घेतलं. अरविंदरावांनी खांद्यावरून वाचलं.

"हे कायद्यात बसत नाही, बापूजी. ना स्टँप, ना पटवाऱ्याच्या खसऱ्यात नोंद."

"तुह्या अडतीतलं कोणतं बसते?"

अरविंदरावांनी कागद पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाले, "अर्धं गवत म्हणजे, पांढुर्ण्याच्या गोठेवाल्यांना औंदा पाहिजेच आहे..." आणि मुलीच्या बाजूला सरकून उभे राहिले.

कलाबाईनं अंगठा उठवला. उर्मिलाबाईंनी हाताचा गेरू पदराला पुसला आणि कोणी न सांगता साक्षीदार म्हणून सही केली. नाव त्यांनी सावकाश, शाळेतल्यासारखं लिहिलं.

"दुसरी साक्ष," बापूजी म्हणाले. "श्रीधर."

श्रीधररावांनी पेन घेतलं. समोर दोरी ओलांडून बायका आत येत होत्या. कोणती बाजू राखायची, काटे कुठून आणायचे, यावर त्यांचं मोठ्यानं सुरू झालं होतं, आणि कोणीही श्रीधररावांकडे बघत नव्हतं. एक खुर्ची वाटेत आली ती एकीनं उचलून बाजूला ठेवली. श्रीधररावांनी तोंडातल्या तोंडात बायका मोजल्या. बरोबर अकरा. कोणाच्या सांगण्यावरून नाही, कोणाला विचारून नाही, एक पैसाही न देता, आपण स्वतः बोलावलेल्या.

त्यांनी सही केली.